डावीकडचा लाल दिवा

जानेवारीतल्या त्या रात्री नाशिकमध्ये चांगलीच थंडी होती. निफाडचा पारा किती उतरला ही बातमी होऊन गेली होती, पंखा बंद होता, खिडक्या लावून घेतल्या होत्या, आणि आठ दिवस घरी ऐकून पाहण्यासाठी मुंबईहून आलेला एक डॅक, म्हणजे सीडीवरच्या आकड्यांचा पुन्हा आवाज करणारी पेटी, माझ्या जुन्या डॅकच्या शेजारी रॅकवर विराजमान झाला होता. वजन अकरा किलो, किंमत पावणेपाच लाख. अ‍ॅल्युमिनियमच्या अखंड ठोकळ्यातून कोरून काढलेली त्याची पेटी हाताला गार लागत होती आणि समोरच्या काचेवर ‘४४.१’ हा आकडा फिकट निळ्या उजेडात तरंगत होता. मी एका ख्यालाची सीडी लावली. तिच्या आरंभी दीडेक मिनिट केवळ दोन तंबोरे वाजतात, आणि ध्वनियंत्रणेची परीक्षा घ्यायची असेल तर मला त्याहून अवघड प्रश्नपत्रिका माहीत नाही. पंचमाची तार छेडली गेली, तिच्या मागून जोडीच्या तारा आल्या, खर्ज उमटला, आणि खर्जाच्या पोटातून स्वयंभू गंधार असा वर आला की मी खुर्चीत सरसावून बसलो. एरवी हा गंधार मला कान ताणून शोधावा लागतो. त्या रात्री तो समईच्या ज्योतीसारखा खोलीच्या मधोमध उभा होता. पत्नी शेजारी बसून मटार सोलत होती. मी तिला जवारी, म्हणजे तंबोऱ्याच्या तारेचा तो घुमारेदार झणत्कार, कशी येते, घोडीवरच्या तारेखाली सुताचा धागा का सरकवतात, आणि जुन्या डॅकमध्ये हा धागा जणू जागचा हललेला कसा होता, हे सविस्तर समजावून सांगितले. ती “हं” म्हणाली. मटारच्या शेंगा फुटण्याचा आवाजसुद्धा त्या रात्री मला अधिक स्पष्ट वाटत होता.

चाळीस मिनिटांनी सीडी संपली. यंत्रणा बंद करायला उठलो तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरवरचा डावीकडचा लाल दिवा पेटलेला दिसला. डावा दिवा म्हणजे जुना डॅक, उजवा म्हणजे नवा. सीडी प्लेयरमधून ऑप्टिकल तार जुन्याकडे आणि कोअ‍ॅक्शियल तार नव्याकडे जात होती, त्यामुळे संगीत दोघांपर्यंत पोहोचत होते. परंतु डॅक निवडण्याचा सिलेक्टर उजवीकडे फिरवायचा मी विसरलो होतो. पावणेपाच लाखांच्या त्या पेटीने चाळीस मिनिटे ‘४४.१’ दाखवण्यापलीकडे काहीही केले नव्हते. गंधार उभा केला होता तो सात वर्षांपूर्वी अठरा हजारांना घेतलेल्या डब्याने.

मी दिवा मालवला आणि घरात कोणालाही काही बोललो नाही.

ही चूक दुसऱ्या कोणाची असती तर मी हसून सोडून दिली असती. पण मी सातपूरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे गेज रूममध्ये, म्हणजे मापे तपासण्याच्या खोलीत, काढलेली आहेत. मायक्रोमीटर, व्हर्निअर, बोअर गेज ही माझी रोजची भांडी. तेथे नव्याने येणाऱ्या पोराला आम्ही पहिल्या आठवड्यात शिकवतो ती गोष्ट अशी, की मोजलेल्या मालावर विश्वास ठेवण्याआधी मोजणाऱ्यावर विश्वास बसला पाहिजे. म्हणून एकच दहा नग त्याच्यापुढे क्रम बदलून तीन वेळा ठेवायचे, कोणता नग कोणता हे त्याला कळू द्यायचे नाही, आणि तिन्ही वेळचे आकडे जुळतात का ते पाहायचे. जुळले नाहीत तर दोष नगात नाही, हातात किंवा गेजमध्ये आहे. किती पोरांचे अहवाल मी याच कारणासाठी परत पाठवले असतील! आणि हाच मी, पाच लाखांच्या वस्तूचा निर्णय करायला बसलो तेव्हा स्वतःच्या कानांची एकदाही तपासणी न करता डोळे मिटून मान डोलावत होतो.

डोळे मिटले होते असे म्हणतो खरा, पण मिटण्यापूर्वी मी तो निळा आकडा पाहून घेतला होता. यावरून मला वडिलांचा रेडिओ आठवतो. वडील नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात होते; दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजून घरी येत आणि हातपाय धुऊन रेडिओपुढे बसत. तो व्हॉल्व्हचा रेडिओ होता आणि त्याच्या कपाळावर एक हिरवा डोळा होता. केंद्र नीट लागत आले की त्या डोळ्यातली काळी पाचर मिटत जाई. वडील ती पाचर पुरती मिटेपर्यंत बटण केसाएवढे इकडेतिकडे करत, मग खोलीतला दिवा मालवत आणि म्हणत, “आता लागलं.” आवाजात त्या शेवटच्या केसाने काही फरक पडे का, हे मला लहानपणी कधी कळले नाही. परंतु हिरवा डोळा मिटल्याशिवाय वडिलांना गाणे ऐकू येत नसे हे मात्र निश्चित. आकाशवाणीवर खरखरीसकट जे येई ते ते अशा चेहऱ्याने ऐकत, की आम्ही मुले त्या वेळी दूध सांडले तरी रडत नसू.

डॅक नावाची ही वस्तू नेमके करते तरी काय, असे पत्नीने मला मागे एकदा विचारले होते, आणि मी तिला गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीचे उदाहरण दिले होते. गोदेला पूर आला की सारे नाशिक एकमेकांना फोन करून विचारते, मारुतीला पाणी कुठवर आले? कमरेला, छातीला, गळ्याला. नदी अखंड चढते-उतरते, पण आपल्यापर्यंत येतात ती ठरावीक वेळची ठरावीक उत्तरे. ध्वनीचे डिजिटल मुद्रण याहून निराळे नाही. सीडी सेकंदाला ४४,१०० वेळा फोन करते आणि कमर, छाती, गळा या तीन शब्दांऐवजी तिच्याकडे ६५,५३६ पायऱ्या असतात, सोळा बिट म्हणतात ते हेच. डॅकचे काम एवढेच, की फोनच्या त्या नोंदवहीवरून नदी पुन्हा वाहती करायची. मध्यंतरी, दोन फोनांच्या मधल्या काळात, पाणी कुठे होते हे अंदाजाने ठरते असा पुष्कळांचा समज असतो आणि म्हणून डिजिटल आवाज जिन्यासारखा तुटक असतो असे अजूनही सांगितले जाते. तसे नसते. पाणी जास्तीत जास्त जितक्या वेगाने हेलकावू शकते त्याच्या दुपटीहून अधिक वेगाने फोन केले, तर मधले पाणी गणिताने नेमके काढता येते, हे क्लॉड शॅननने १९४९ मध्ये मांडून ठेवले आहे. माणसाचा कान वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, म्हणून चाळीस हजारांच्या थोडे वरचा हा आकडा. फोन ठोक्याला झाले पाहिजेत, घड्याळ लटपटता कामा नये, आणि नोंदींवरून रेघ ओढणारा हात गुळगुळीत असला पाहिजे. डॅकच्या जगातली बहुतेक भांडणे या दोन गोष्टींवरून होतात.

त्या भांडणांत दोन घराणी आहेत असे म्हणायला हरकत नाही. एक शिडीवाल्यांचे. दोनच मापांचे रेझिस्टर, म्हणजे विजेला ठरावीक अडथळा करणारे सुटे भाग, शिडीसारखे जोडायचे आणि प्रत्येक बिटाला त्याच्या वजनाप्रमाणे विजेचा वाटा द्यायचा. कल्पना इतकी सरळ आहे, की पहिल्यांदा कळल्यावर मला एखादे जुने वजनकाटे पाहिल्याचा आनंद झाला होता. पण गेज रूमच्या माणसाला लगेच पुढची शंका येते. शतांश टक्का अचूक रेझिस्टर म्हणजे दहा हजारांत एकाची चूक. आणि चोवीस बिटांची शिडी खऱ्या अर्थाने बांधायची तर सगळ्यात वरच्या पायरीला हवी सुमारे एक कोटी ६८ लाखांत एकाची अचूकता. ते होत नाही. दुसरे घराणे डेल्टा-सिग्मावाल्यांचे. तेथे पायऱ्या मोजक्याच असतात, पण नळाची तोटी सेकंदाला लाखो वेळा उघडझाप करून सरासरीने हवी तेवढी धार काढली जाते, आणि या खटाटोपाचा गोंगाट कानाच्या मर्यादेपलीकडे ढकलून दिला जातो. आज विकल्या जाणाऱ्या बहुतेक डॅकमध्ये याच घराण्याच्या चकत्या, म्हणजे चिप, असतात, त्याही मोजक्या कंपन्यांच्या. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जपानमधल्या नोबेओका येथील एकेएम या चकत्या बनवणाऱ्या कंपनीचा कारखाना आगीत सापडला, तेव्हा साऱ्या जगातले डॅक बनवणारे हवालदिल होऊन दुसऱ्या चकत्या शोधू लागले होते. केंटमधल्या कॉर्ड किंवा केंब्रिजच्या डीसीएससारख्या कंपन्या बाजारची चकती न घेता आपले गणित आपणच लिहितात आणि त्याची किंमतही आपणच ठरवतात.

हे सारे वाचायला मला मनापासून आवडते, हे कबूल केले पाहिजे. गेली दोन वर्षे मी संध्याकाळी संगीत कमी ऐकले आणि डॅकची वर्णने अधिक वाचली. एखाद्या पेटीचा आवाज काचेसारखा, दुसरीचा मधासारखा, तिसरीत म्हणे गायकाच्या पाठीमागची भिंत दिसते. आपल्याकडे आवाजाला भरदार, घुमारदार, पिचका, कोरडा अशी चांगली खणखणीत विशेषणे आहेत, पण ती गळ्याला लागू पडतात. पेटीला लावायला गेलो की ती ओशाळवाणी होतात. त्या रात्री मी पत्नीला जी विशेषणे ऐकवली होती ती आठवून पुढचे दोन दिवस मला कामावर चहा गोड लागला नाही.

तिसऱ्या दिवशी भाच्याला बोलावून घेतले. तो अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्याला ख्यालाचा कंटाळा आहे आणि फसवणुकीची आवड आहे, म्हणजे परीक्षक म्हणून त्याहून योग्य माणूस घरात नव्हता. मी रॅककडे पाठ करून बसायचे, त्याने रुपयाचे नाणे उडवून छापा पडला तर जुना आणि काटा पडला तर नवा डॅक लावायचा, तंबोऱ्याचे तेच अर्धे मिनिट प्रत्येक वेळी ऐकवायचे, आणि मी सांगायचे कोणता. असे सोळा वेळा. पहिल्या संध्याकाळी माझी सोळापैकी चौदा उत्तरे बरोबर आली आणि मी विजयी मुद्रेने वळून पाहिले. भाचा म्हणाला, “मामा, नव्याचा आवाज मोठा येतोय, मला दारातूनसुद्धा ओळखता येईल.” लाजिरवाणी गोष्ट ही, की मल्टिमीटर मी रोज खिशात बाळगतो. स्पीकरच्या तारांवर ठेवून चारशे हर्ट्झचा सूर वाजवला तेव्हा नवा डॅक जुन्यापेक्षा दीड डेसिबलने चढा निघाला. जुना दोन व्होल्ट देतो, नवा २.४. एवढा फरक बहुतेकांच्या कानाला मोठा म्हणून कळत नाही. तो अधिक स्वच्छ, अधिक जवळचा, अधिक खरा म्हणून कळतो, आणि दुकानात डॅक निवडणाऱ्या माणसाला नेमके हेच कोणी सांगत नाही. नव्याचा आवाज त्याच्याच बटणाने खाली आणून दोघांना एका पातळीवर बसवले आणि पुन्हा सोळा वेळा ऐकले.

सोळापैकी सात.

नाण्याने माझ्यापेक्षा बरे उत्तर दिले असते. सोळा वेळा नाणे उडवले तर ते एकूण ६५,५३६ प्रकारे पडू शकते, सीडीच्या एका नमुन्यात, म्हणजे एका फोनच्या नोंदीत, जेवढ्या पायऱ्या असतात अगदी तेवढ्याच. हा योगायोग नव्हे, दोनाचा सोळावा घात दोन्हीकडे सारखाच असतो, परंतु त्या रात्री वहीत आकडेमोड करताना मला तो आकडा आपल्याकडे पाहून हसतो आहे असे वाटले.

मग त्या पहिल्या रात्री ऐकलेला गंधार खोटा होता काय? या प्रश्नाने मला त्या सातपेक्षा अधिक छळले. खोटा तो नव्हताच. स्वयंभू गंधार त्या सीडीत आहे, तंबोरा जुळवणाऱ्याने तो तेथे ठेवला आहे, आणि अठरा हजारांचा डबा सात वर्षे इमानेइतबारे तो माझ्यापुढे आणून ठेवत होता. मी त्याच्यापुढे बसून वर्तमानपत्र वाचत होतो. पावणेपाच लाखांच्या धाकाने कान टवकारले तेव्हा तो दिसला एवढेच. मी पत्नीला जे सांगितले त्यातले ऐकणे खरे होते, श्रेय चुकीच्या पेटीला दिले गेले होते. हे कळल्यावर मला आधी बरे वाटले आणि मग फार वाईट वाटले, कारण पुढच्या चार रात्री मी तीच सीडी, तोच डॅक, तीच खुर्ची आणि तसेच मिटलेले डोळे घेऊन बसलो आणि गंधार पुन्हा कान ताणल्यावरच सापडू लागला.

याच आठवड्यात एका मित्राने आपला शिडीचा डॅक आणून दिला. वापरलेला होता, तो पंचेचाळीस हजारांत काढून टाकणार होता. या जातीच्या पेट्यांत काही जण नमुन्यांची संख्या वाढवण्याचे आणि गाळण्याचे काम मुद्दाम करतच नाहीत. नोंदी जशा आल्या तशा बाहेर सोडतात. याचा गणिती परिणाम टाळता येत नाही. बारा हजार हर्ट्झपाशी आवाज सुमारे एक डेसिबलने उतरतो आणि वीस हजारांपाशी तीनहून थोडा अधिक. भाच्याला सोळा हजारांचा सूर सहज ऐकू येतो, मला बारानंतर निव्वळ शांतता, तरीही याची परीक्षा घेतली तेव्हा माझी सोळापैकी तेरा उत्तरे बरोबर आली. केवळ नशिबाने एवढी किंवा याहून अधिक बरोबर येण्याची शक्यता शंभरात एक. म्हणजे कान बाद झालेले नाहीत. दोन बरोबर पेट्यांतला फरक त्यांना कळत नव्हता, कारण कळण्याजोगा तो बहुधा नव्हताच. चुकीची पेटी मात्र त्यांनी तत्काळ ओळखली.

आणि ती त्यांना आवडली! द. वि. पलुसकरांची जुनी ध्वनिमुद्रणे मी तिच्यावर लावली. त्यांच्या वडिलांचा, म्हणजे विष्णू दिगंबरांचा, रामनाम आधार आश्रम आमच्या पंचवटीतला, त्यामुळे पलुसकरांच्या गाण्यावर नाशिककर थोडा हक्क सांगतो आणि तो कोणी नाकारत नाही. चौतीसाव्या वर्षी, १९५५ मध्ये द. वि. गेले. मागे राहिलेल्या गाण्यातले कितीतरी सव्वातीन-साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवर आहे. सुईचे ओरखडे, पावसासारखी एकसारखी सरसर, आणि तिच्यामागे तो निर्मळ, कसलाही आव न आणणारा आवाज. सीडीत सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजाच्या मध्ये ९६ डेसिबलची ऐसपैस जागा असते, आजचे डॅक १२० च्या गोष्टी करतात, आणि लाखेच्या तबकडीला याच्या निम्मीही जागा कधी मिळाली नव्हती; तरी गाणे अवघडलेले वाटत नाही. शिडीच्या डॅकने ती सरसर किंचित मऊ केली. पूर्वी पत्र्यावर पडणारा पाऊस आता कौलांवर पडू लागला. हा दोष आहे हे मला माहीत होते, किती डेसिबलचा आहे तेही माहीत होते, आणि तरीही मी ती तबकडी सलग तीनदा ऐकली.

गेज रूममध्ये बरोबर गेज सगळी सारखी असतात. त्यांना ओळखण्यासाठी अंगावर क्रमांक कोरावे लागतात. बिघडलेले गेज प्रत्येकजण हातात घेताच ओळखतो, त्याला टोपणनावही पडलेले असते.

बाकीची शोधाशोध थोडक्यात सांगण्यासारखी आहे. यंत्रणेत कित्येक महिने एक बारीक गुणगुण होती, ती डॅकची नव्हतीच; सोसायटीच्या पंपाची मोटार सुरू झाली की वाढे. वायरमनने येऊन अर्थिंग दुरुस्त केले, नऊशे रुपये घेतले, आणि माझ्या घरातल्या आवाजात एवढी सुधारणा आजवर कशानेही झालेली नाही. पंखा दोनवर ठेवला तर खुर्चीपाशी मोबाइलवरचा ध्वनिमापक एक्केचाळीस डेसिबल दाखवतो. म्हणजे फाल्गुनापासून पुढे सगळे डॅक सारखेच, आणि ज्याला फरक ऐकायचा असेल त्याने चैत्रात पंखा बंद करून घामाघूम होऊन बसावे. दिवाळीतल्या पाडव्याच्या पहाटे नाशिकच्या पिंपळपारावर आपण शाल गुंडाळून, हातात चहाचा पेला धरून, भोंग्यांसारख्या स्पीकरांतून जे गाणे ऐकतो त्याची मी घरी बसून कधी तपासणी करणार नाही एवढे शहाणपण माझ्यात अजून शिल्लक आहे.

आठव्या दिवशी कुरिअरचा मुलगा आला. फोमच्या खाचेत तो ठोकळा मी दोन्ही हातांनी उतरवला. काच काळी होती आणि तिच्यात माझे नाक दिसत होते. “काका, काय आहे यात? लई जड आहे,” तो म्हणाला. मी रेडिओ आहे म्हणून सांगितले. विक्रेत्याला फोन केला तेव्हा त्याने अतिशय सौजन्याने विचारले, “सर, काय कमी वाटलं?” काहीच कमी नव्हते. तसे सांगितले तर तो गोंधळला. मित्राचा शिडीचा डॅक मात्र मी ठेवून घेतला. एकतीस वर्षे जो माल शेरा मारून परत पाठवला तो स्वतःचे पैसे मोजून घरी आणला, हे सातपूरला कोणाला सांगण्यासारखे नाही. जुना डबा काढलेला नाही. पलुसकरांसाठी उजवा दिवा, तंबोऱ्यासाठी डावा, अशी वाटणी आहे, आणि सीडी लावण्यापूर्वी कोणता दिवा पेटला आहे ते मी आता दोनदा पाहतो.

त्याच संध्याकाळी पत्नीला पहिल्या रात्रीची गोष्ट सांगून टाकली. ती धुतलेले कपडे घड्या करत होती. तिने मान वर केली नाही.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली. “डावा दिवा लागलेला दिसत होता की. रोज त्या रॅकवरची धूळ मीच पुसते.”

“मग तेव्हाच बोलली का नाहीस?”

“अहो, गाणं चालू होतं.”